अर्धा स

विनिपेगहून फाइल आली आहे : बालवाचन, पहिला भाग.
क्री लिपीचा फाँट, तपासून द्यायचा शुक्रवारच्या आत.
चिराबाजारात दुसऱ्या मजल्यावर, पंखा तीनवर,
मी एक परकं अक्षर दोनशे टक्के मोठं करून बघते.

यांना काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही.
स्वर बदलायचा तर अक्षरच कूस बदलतं.
त्रिकोणाचं टोक वर : इ. खाली : ए.
उजवीकडे ओ, डावीकडे अ.
आमचा क जन्मभर एकाच अंगावर निजतो,
फक्त दागिने चढवतो, उतरवतो.

आणि जोडाक्षर?
डॉरिस फोनवर हसते. तिच्याकडे सकाळ झालीय.
जोडत नाही आम्ही, म्हणते.
ज्याला स्वर मिळाला नाही
त्याला बारीक करून ठेवतो, वर, कोपऱ्यात.
मस्क्वा म्हणजे अस्वल.
अस्की म्हणजे जमीन.
इस्कोतेव म्हणजे विस्तव.

(मला आमच्या मजल्यावरची भागीरथीआत्या आठवली.
इस्टेशन, इस्कूल, इस्टो.
तिच्या तोंडात स कधी एकटा शिरला नाही,
पुढे इ ला पाठवायचा, दार उघडायला.)

रक्ताला मिह्को म्हणतात.
आम्ही आधी क म्हणतो, मग श्वास सोडतो, त्याचा ख होतो.
त्यांचा श्वास आधी सुटतो, क मागून येतो,
जिना चढून आलेल्या माणसासारखा.
पण तो ह लिहिलाय कुठे?
मी चारशे टक्क्यांवर गेले.
पुष्कळदा लिहीतच नाहीत, डॉरिस म्हणाली,
वाचणाऱ्याला ठाऊक असतं.

बाबा आतल्या खोलीत आहेत.
छत्तीस वर्षं जुळारी, शेणवी वाडीच्या छापखान्यात.
शिशाचे खिळे, बोटांची टोकं कायमची करडी.
अर्ध्या अक्षरांचे खण उजव्या हाताला,
दिवे गेले तरी जुळणी थांबायची नाही.
दर्या आणि दऱ्या एकच समजणाऱ्या एका कादंबरीकाराला
त्यांनी हस्तलिखितासकट जिन्यावरून परत पाठवलं होतं.

मार्चमध्ये डोक्यात कुठेतरी एक शीर तुंबली
आणि जोडाक्षरं गेली.
एकेक करून नव्हे. खण उपडा व्हावा तशी.
रस्ता रता झाला. पत्रा पता. चष्मा
ते मागतच नाहीत आता, बोटाने दाखवतात.
नायरमध्ये बाईंनी विचारलं, आजोबा, नाव काय तुमचं?
भाकर, म्हणाले.

सूर्याचं नाव ठेवलं होतं आईबापांनी.

दिवसा कुंदाताई असते, सफाळ्याची.
तिला वाटतं, भूक लागली.
चुलीवर नाही तरी गॅसवर, पण हाताने थापते,
कडेने चटणी, वर कांदा.
ते आधी चिडतात. उजवा हात उचलू बघतात, डावा उचलतात.
मग खातात.
मीही काही दिवस तिला सांगितलं नाही.
का, ते मला नीट माहीत नाही.

रात्री साडेदहा. शेरा लिहिते :
पान चार. अस्वलातला लहान स फार वर गेलाय,
शेजाऱ्याला चिकटतोय. किंचित खाली घ्या.
मोठा करू नका.

आतून गृहपाठ ऐकू येतो. वीस वेळा म्हणायचं असतं.
भाकर. भाकर.
भा—
इथे ते थांबतात. जीभ दातांपाशी जाते,
हवा काही येत नाही.
अक्षरांमधल्या जागा मोजण्यात माझी अकरा वर्षं गेली,
ही जागा मला कळते.
एक बारीक खिळा मावेल एवढी आहे.

भा, कर, म्हणतात बाबा.
हो, भास्करराव, मी इथूनच ओ देते.
टेबलावर कुंदाताईने झाकून ठेवलीय,
आज बाजरीची, अजून कोमट.